एसजीपीटी ७८ आणि काकूने पाठवलेली भुईआवळ्याची पुडी

पाटावरचा
मंडळी, सल्ला हवाय. वय ४१, वजन ८६, उंची ५ फूट ७. ऑफिसच्या चेकअपमधे सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' आलं आणि लिव्हरच्या रक्तचाचणीत एसजीपीटी ७८. दारू म्हणाल तर वर्षातून दोनदा, तीही मित्राची असेल तर. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, "सहा किलो कमी करा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करा" म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं. गोळी नाही, टॉनिक नाही, काही नाही. मला जरा अपमानच वाटला.

मग मी आईला फोनवर सांगितलं, तिथे चूक झाली. आईने देवगडच्या काकूला सांगितलं आणि चौथ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पुडकं हजर. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वाळक्या भुईआवळ्याच्या जुड्या, शिवायच्या दोऱ्याने बांधलेल्या, मुळांना अजून तांबडी माती. सोबत चिठ्ठी, "रोज अनशापोटी ताकातून. ४० दिवस. मासे बंद." त्यात शेजारचे काका म्हणतात गुळवेलीचा रस घे, आणि मेव्हणा म्हणतो हे सगळं जुनं झालं, हळदीच्या कॅप्सूल घे, मिरीवाल्या.

तर यातलं खरं काय? लिव्हरसाठी या झाडपाल्याचा कुणाला खरंच उपयोग झालाय का? आणि नैसर्गिकच आहे तर घेऊन बघायला हरकत काय? अनुभव लिहा.

कडूकारलं
देवगडच्या माणसाला मासे बंद? याला उपचार नाही, शिक्षा म्हणतात.

बापू_सातारकर
भुईआवळा डोळे झाकून घ्या. आमच्या पंचक्रोशीत कावीळ झाली की कुणी दवाखान्यात जात नाही. आमच्याकडे एक आजोबा होते, दर रविवारी आणि बुधवारी औषध द्यायचे, एक पैसा घेत नव्हते. शेकडो माणसं बरी झालेली मी या डोळ्यांनी बघितली आहेत. डोळे हळदीसारखे पिवळे घेऊन आलेली माणसं तीन आठवड्यात नांगराला उभी. शहरातल्या लोकांना हे पटत नाही कारण त्याचं बिल येत नाही.

इचलकरंजीचा_पैलू
बापू, तुमच्या आजोबांविषयी आदर ठेवूनच लिहितो. मी २०१२ च्या कावीळीतला माणूस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या उन्हाळ्यात इचलकरंजीत पंचगंगेच्या घाण पाण्यामुळं कावीळीची मोठी साथ आली होती. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस पिवळा. नळाला पाणी आलं की आधी वास घ्यायचा आणि मग भरायचं, अशी सवय लागली होती.

आमच्या घरात मी आणि माझा थोरला भाऊ एकाच आठवड्यात पडलो. आई भावाला घेऊन शेजारच्या गावात गेली, तिथं पहाटे पाचला रांग. उपाशीपोटी वाटीभर हिरवा रस, वर कच्चं दूध, आणि तेल तूप हळद सगळं २१ दिवस बंद. मी हट्टी, मला त्या रसाच्या वासानंच उलटी झाली म्हणून मी घरीच झोपून राहिलो, मऊ भात आणि मोसंबी. दोघांची बिलिरुबीन, म्हणजे कावीळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, त्याची टेस्ट दर आठवड्याला एकाच लॅबमधे. भावाची ११ वरून ३ ला यायला साधारण तीन आठवडे लागले. माझीही तितकेच. पाचव्या आठवड्यात दोघंही गिरणीवर. आईला आजही विचारा, ती सांगते थोरला औषधानं बरा झाला आणि धाकटा देवाच्या कृपेनं.

म्हणजे बापू, शेकडो बरे झाले हे खरंच आहे. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यात आपोआपच उतरते. औषध देणाऱ्याला फक्त मधे उभं राहायचं असतं.

पण आमच्याच गल्लीत एक वहिनी होत्या, आठवा महिना. त्यांनाही आधी त्याच रांगेत नेलं. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी बडबडायला लागल्या तेव्हा गाडी केली. पुढं लिहीत नाही. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला जिवावर बेतते, हे आम्हाला नंतर कळलं.

माळावरची
पैलू, वाचून गलबलून आलं.

लॅबवाली
मी पॅथॉलॉजी लॅबमधे १७ वर्षं आहे, डॉक्टर नाही, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

पाटावरचा, सगळ्यात आधी तुमच्या धाग्यातली गल्लत. कावीळ वेगळी आणि फॅटी लिव्हर वेगळं. कावीळ म्हणजे बिलिरुबीन वाढलं. तुमचं बिलिरुबीन नॉर्मल असणार, बघा रिपोर्टमधे. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आतलं एन्झाइम, पेशी दुखावल्या की रक्तात सांडतं. तुमच्या केसमधे पेशीत चरबी साठलीये म्हणून. काकूंची पुडी कावीळीची आहे, आजार दुसराच आहे. ताप आलाय आणि तुम्ही खोकल्याचं औषध शोधताय.

दुसरं, 'नैसर्गिक आहे तर हरकत काय' याबद्दल. रक्त घेताना मी विचारते काही औषधं चालू आहेत का. उत्तर ठरलेलं, "नाही नाही, काही नाही." मग दंडाला पट्टा बांधताना हळूच, "गुळवेल घेतो, पण ते औषध नाही, आयुर्वेदिक आहे." कोरोनाच्या वेळी तर घरोघरी गुळवेलीचा काढा. तेव्हाच मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत लिव्हरला सूज आलेले ६ पेशंट बघितले, सगळे गुळवेल घेणारे, ते २०२१ मधे छापून आलं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंट नोंदवले. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करतं तशा प्रकारची सूज. बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉईड, मधुमेह असं काही ना काही होतं. बहुतेकांना गुळवेल बंद केल्यावर आराम पडला, पण सगळ्यांना नाही.

पडवीतला_वैद्य
मी बीएएमएस, २२ वर्षं प्रॅक्टिस, कोकणात. लॅबवाली ताईंच्या पहिल्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन, दुसऱ्याला अर्धं.

गुळवेलीच्या बातमीनंतर आयुष मंत्रालयाने स्पष्ट केलं होतं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या वेगळ्या वनस्पती आहेत आणि त्यांची गल्लत होते. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि चीक पांढरट निघतो. नर्सरीत दोन्ही 'गिलोय' म्हणूनच विकतात. आता लोकांनी बाल्कनीत कुठली लावली होती, किती ग्लास ढोसली, कुणी बघितलंय? आम्ही गुळवेल देतो ती माणूस बघून, अंगठ्याएवढं जाड खोड, ठरावीक दिवस. सहा महिने रोज ग्लासभर रस हे कुठल्याही ग्रंथात नाही, ते व्हॉट्सॅपात आहे.

आणि मूळ प्रश्नाबद्दल. कामला म्हणजे कावीळ, त्यावर आमच्याकडे फलत्रिकादि काढा आहे, त्रिफळा, गुळवेल, अडुळसा, कुटकी, किराईत, कडुनिंब. सगळं कडूजहर. भुईआवळाही कामलेवरच. तुमची सोनोग्राफी बघून मी यातलं काहीच देणार नाही, मी आधी विचारीन रात्री किती वाजता जेवता आणि जेवल्यावर किती वेळात आडवे होता. यंत्राचा रिपोर्ट घेऊन झाडाचं नाव शोधायचं याला आयुर्वेद म्हणत नाहीत.

पाटावरचा
रात्री साडेदहा. आडवा होतो पावणेअकराला. मधली १५ मिनिटं फरसाण.

कडूकारलं
निदान झालं, धागा बंद करा.

लॅबवाली
वैद्यबुवा, क्रिस्पाचा मुद्दा मान्य. पण मग ते पेशंटच्या हातात पोचणार कसं? दुकानातल्या रसाच्या बाटलीवर अंगठ्याएवढं खोड दिसत नाही. 'चुकीची वनस्पती होती' हा तुमचा बचाव आहे, पण पेशंटच्या दृष्टीने ती तक्रारच आहे ना?

पडवीतला_वैद्य
हे मात्र खरं. निरुत्तर नाही पण अर्धा निरुत्तर.

खोदकाम
भुईआवळ्यावर संशोधन झालंच नाही असं कुणी समजू नका. उलट एके काळी जगभर गाजलेली वनस्पती आहे. १९८८ मधे मद्रासच्या थ्यागराजन आणि सहकाऱ्यांचा पेपर लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. हिपॅटायटिस बी चे वाहक, म्हणजे ज्यांच्या रक्तात विषाणू वर्षानुवर्षं घर करून असतो असे लोक. त्यांना ३० दिवस भुईआवळ्याची पावडर दिली, तीन वेळा २०० मिलिग्रॅम. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन गायब. खोटं औषध घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाचं. त्या काळात बी वर धड औषध नव्हतं, कल्पना करा किती खळबळ झाली असेल. परसातलं तण आणि लॅन्सेट!

मग इतर देशांत लोकांनी तोच प्रयोग करून बघितला आणि तसं काही घडेना. कुणी म्हणालं झाड वेगळं, कुणी म्हणालं माती वेगळी, कुणी म्हणालं कापणीचा महिना वेगळा. २०११ मधे कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, सगळ्या चाचण्या एकत्र चाळल्या आणि खात्रीलायक पुरावा नाही असं लिहिलं. तेव्हा 'विज्ञानाने सिद्ध झालंय' म्हणून जो फॉरवर्ड येतो त्याचा उगम हा १९८८ चा पेपर आहे, आणि पुढची तीस वर्षं त्या फॉरवर्डात येत नाहीत.

माळावरची
पाटावरचा, जुडीचा फोटो टाकता का? फांदी उलटी करून, पानाखालची फळं दिसतील अशी.

पाटावरचा
टाकला. खिडकीच्या उजेडात काढलाय. एका फांदीवर मोहरीएवढी फळं ओळीने चिकटलेली आहेत, मजेशीर दिसतंय.

माळावरची
वाटलंच. देठ तांबूस आहे आणि फळं खरखरीत, फांदीला थेट चिकटलेली. हा फायलँथस युरिनारिया, लाल भुईआवळा म्हणा. ज्याच्यावर तो मद्रासचा अभ्यास झाला तो फायलँथस अमारस, त्याचं फळ गुळगुळीत आणि बारीकशा देठावर लोंबतं. दोन्ही एकाच बांधावर उगवतात, दोन्हीची पानं संध्याकाळी मिटतात, दोघांनाही भुईआवळाच म्हणतात. काकूंची चूक नाही, जडीबुटीच्या बाजारातही तीनचार जाती मिसळूनच येतात.

बापू_सातारकर
आमच्या आजोबांनी कधी फळ उलटं करून बघितलं नाही, तरी गुण यायचा.

इचलकरंजीचा_पैलू
बापू, तेच तर म्हणतोय मी वर. कुठलंही झाड चाललं असतं.

बापू_सातारकर
बरं मग हात धुतल्यावर पिवळं पाणी निघायचं ते काय? ते तर मी स्वतः बघितलंय. आजोबा हाताला रस चोळायचे, चुन्याच्या निवळीत हात बुडवायचे, परातीत पिवळंधमक पाणी. दर खेपेला थोडं कमी पिवळं.

खोदकाम
बापूकाका, राग मानू नका. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पिवळा रंग येतो, कावीळ असो नसो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते शाळेत हे करून दाखवायचे, मी सातवीत असताना माझ्याच हातावर केलं होतं. मी ठणठणीत, परात पिवळी. आणि कावीळीवर गळ्यात घालतात ती माळ लांबत लांबत पायापर्यंत जाते ना, ती ओल्या काड्यांची असते. काड्या सुकून बारीक होतात, दोऱ्याची वेटोळी सैल पडतात आणि माळ लांबते.

बापू_सातारकर
ठीक आहे. घरी आंब्याचं झाड आहे. करून बघतो आणि सांगतो.

सरळसोट
कुकडवेलीच्या फळाचं पाणी नाकात सोडतात त्याविषयी कुणी लिहिलं नाही. माझ्या चुलत्याने सोडलं होतं, दोन दिवस नाकातून पिवळं पाणी. सगळे खूष की कावीळ बाहेर पडतेय.

पडवीतला_वैद्य
कृपा करून कुणीही हे करू नका. देवडांगरी, कुकडवेल एकच. प्रचंड तीक्ष्ण आहे, नाकाची आतली त्वचा सोलवटते आणि त्याचा स्राव येतो. ते पित्त नव्हे. पित्ताला यकृतातून नाकात यायला रस्ता नाही.

कडूकारलं
खंबाटकीचा बोगदा काढला तसा काढता येईल.

न्हेकारकाठची
जर्मनीतून लिहितेय. इथे घरगुती सामानाच्या दुकानात शांपूशेजारी 'मारियनडिस्टेल' च्या कॅप्सूल ठेवलेल्या असतात, म्हणजे मिल्क थिसल, जांभळ्या फुलाचं काटेरी झाड. त्याच्या बियांतून सिलिमारिन काढतात. आपल्याकडे लिव्हरच्या गोळ्यांवर सिलिमारिन लिहिलेलं असतं ते हेच, त्यामुळे पुष्कळांना ती आपली जडीबुटी वाटते, मुळात भूमध्य समुद्राकडची.

आता गंमत बघा. इथे शरदात लोक जंगलात अळंबी वेचायला जातात आणि दरवर्षी कुणीतरी ती विषारी 'डेथ कॅप' खातं. २०१५ मधे सिरियाहून नुकत्याच आलेल्या निर्वासितांमधे असे बरेच रुग्ण झाले, कारण ती त्यांच्याकडच्या खायच्या अळंबीसारखी दिसते. त्या विषाने लिव्हर दोनतीन दिवसांत खलास होतं. तेव्हा सिलिमारिनमधलाच एक घटक, सिलिबिनिन, शिरेतून देतात. ज्या दारातून विष लिव्हरच्या पेशीत शिरतं ते दारच तो अडवतो असं म्हणतात. वेळेत पोचलं तर कामाला येतं.

पण त्याच सिलिमारिनची हिपॅटायटिस सी वर अमेरिकेत नीट चाचणी झाली, १५४ पेशंट, २०१२ मधे छापली गेली, नेहमीपेक्षा खूप मोठे डोस. फरक शून्य, एन्झाइम जिथल्या तिथे. म्हणजे वनस्पतीत काही नाही असं नाही, पण दाराशी चोर उभा असताना कडी लावणं वेगळं आणि घर आतून ओलावलेलं असताना कडी लावणं वेगळं.

लॅबवाली
कडीचं उदाहरण उचलते हां मी. उद्यापासून पेशंटना हेच.

चहाबाज
मी एक कॉन्स्पिरसी मांडू का? लिव्हरसाठी सगळ्यात चांगला पुरावा असलेलं झाड म्हणजे कॉफी. ब्रिटनमधल्या जवळपास ५ लाख लोकांचा अभ्यास २०२१ मधे आला, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे जुनाट आजार २१ टक्के कमी आणि त्यातून मृत्यू ४९ टक्के कमी. आणि चहावाल्यांना काही मिळत नाही. हे लिहिताना हात थरथरतोय, आयडी बदलावा लागेल.

खोदकाम
निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कॉफी पिणारे इतरही बाबतीत वेगळे असू शकतात. पण हो, असे बरेच अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवतात. बिनसाखरेची मात्र. आपल्याकडची अर्धा कप साखरेची फेसाळ कॉफी म्हणजे लिव्हरला घरपोच डिलिव्हरी.

माळावरची
थोडं अवांतर, पण सांगायलाच हवं. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर घटकांत 'कासमर्द' लिहिलेलं असतं. म्हणजे कासविंदा, रानटाकळा म्हणतात काही ठिकाणी. पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनौर सहारनपूर भागात, दर हिवाळ्यात लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावायची. वर्षानुवर्षं मेंदूज्वर समजायचे. मग स्थानिक बालरोगतज्ज्ञ आणि वेल्लोरचे जेकब जॉन यांनी माग काढला, तेव्हा कळलं की खेळता खेळता मुलं याच कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती. २००७ च्या सुमारास हे पेपर आले. लिव्हर, स्नायू, मेंदू तिन्हीवर एकदम घाला. जे झाड लिव्हरच्या औषधात, तेच झाड लिव्हर मारतं. कुठला भाग, किती, कसा, कुणाच्या पोटात, यावर सगळं.

म्हणून रानभाजीला जाणाऱ्यांनो, आपला भाजीचा टाकळा वेगळा. त्याला पानांच्या तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याला चारपाच जोड्या आणि पान टोकदार, शेंगा चपट्या आणि वर उभ्या. पोरांना शेंगांशी भातुकली खेळू देऊ नका.

सरळसोट
टाकळ्याची भाजी कशी करता? आमच्याकडे फार उग्र होते.

माळावरची
फुलं यायच्या आधीची कोवळी पानंच घ्या, आषाढातली. लसूण सढळ, भिजवलेली चणाडाळ, शेवटी ओलं खोबरं. झाकण ठेवू नका, उग्रपणा वाफेबरोबर जातो.

कडूकारलं
एसजीपीटीवरून चणाडाळीवर. या साइटवर दुसरं काय होणार.

पडवीतला_वैद्य
कुटकीचं वर नुसतं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्या शास्त्रात यकृतासाठी खरी राणी ती. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर येते, मुळं खणून काढतात. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी संस्थेने तिच्यापासून पिक्रोलिव्ह काढलं, त्यावर भरपूर काम झालं. जिभेवर चिमूट ठेवा, अर्धा तास गूळ खाल्ला तरी कडू लागेल. आज ती इतकी उपसली गेली आहे की आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत आणि बाजारात भेसळ. दुकानातून 'आरोग्यवर्धिनी' मागून घेणाऱ्यांसाठी खास, त्यात कुटकी निम्मी असते हे खरं, पण पारा, गंधक, ताम्रभस्म, लोहभस्मही असतं. ती वैद्याच्या हातची गोळी आहे, किराणा नाही. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेऊन माझ्याकडे येणारे आहेत, मी पहिलं काम करतो ते बंद करायचं, दुसरं लॅबवाली ताईंसारख्यांकडे पाठवायचं.

लॅबवाली
आता मी अर्धी निरुत्तर.

पाटावरचा
हळदीच्या कॅप्सूलचं राहिलं. मेव्हणा विचारतोय. तो म्हणतो हळद तर आपण रोज खातो, तिने काय होणार.

खोदकाम
भाजीतली हळद म्हणजे पाव चमचा, त्यात कुरक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, थोडंसं आणि त्यातलंही अंगी लागतं ते नगण्य. बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या लोकांनी १९९८ मधे दाखवलं की २ ग्रॅम कुरक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतला घटक, दिला की रक्तात पोचणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढतं. सगळ्या 'मिरीवाल्या' कॅप्सूलचा पाया हाच. पण आतड्याने जे दार बंद ठेवलं होतं ते आपण उघडून दिलं. अमेरिकेत औषधांनी झालेल्या लिव्हर इजांची नोंद ठेवणारं एक जाळं आहे, त्यांनी हळदीच्या १० केसेस छापल्या. पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक ठरावीक जनुकप्रकार सापडला, म्हणजे तुम्हाला चालेल की नाही हे तुमच्या मेव्हण्याला सांगता येणार नाही. इटलीतही असे रुग्ण झाले. ग्रीन टीच्या अर्काचं तेच, कपातला चहा चालतो, पण अर्काच्या गोळीतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) किंवा जास्त गेलं तर एन्झाइम चढू शकतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मधे म्हटलंय.

चहाबाज
कपातला चहा चालतो. एवढंच वाक्य फ्रेम करून लावतो.

न्हेकारकाठची
पाटावरचा, तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्याकडे नव्हतीच. फॅटी लिव्हरमुळे सूज आणि व्रण पडलेल्या अवस्थेसाठीचं पहिलं औषध अमेरिकेत मार्च २०२४ ला मंजूर झालं आणि ते तुमच्यासारख्या ग्रेड वनसाठी नाहीच. वजन ३ ते ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही. ८६ चे ७ टक्के म्हणजे सहा किलो. तुमच्या डॉक्टरांनी बरोब्बर आकडा सांगितला होता की हो.

पाटावरचा
हे कुणी असं समजावलंच नव्हतं. दारातच सांगितलं आणि 'नेक्स्ट'.

कडूकारलं
मासे चालू ठेवा. भाताचा डोंगर खणा.

बापू_सातारकर
आंब्याची साल ठेचून बघितली. नातवाच्या हाताला लावली आणि चुन्याच्या निवळीत बुडवला. पिवळं झालं. नातू तीन वर्षांचा, गुटगुटीत. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, पैसा खरंच घेत नव्हते. त्यांना स्वतःला हे माहीत होतं की नव्हतं याचा विचार करत बसलोय सकाळपासून.

इचलकरंजीचा_पैलू
बापू, नसेलही माहीत. त्यांना कुणीतरी तसंच शिकवलं असेल.

पाटावरचा
धागा वर काढतोय, साडेतीन महिने झाले. वजन ८०.२. एसजीपीटी ४४. रोज सकाळी तळजाई टेकडी, रात्रीचं जेवण आठला, फरसाणाचा डबा बायकोने कुठे ठेवलाय ते मी विचारत नाही. कॉफी काळी, औषध समजून. भुईआवळा घेतला नाही, पण पुडकं बाल्कनीत झटकलं होतं तर पावसात कुंड्याकुंड्यांतून उगवलाय, जास्वंदीला जागा ठेवली नाही. संध्याकाळी पानं मिटतात ते मुलीला फार आवडतं.

काकूला फोन केला. "पुडी सोपली मां? दुसरी धाडतंय." मी म्हटलं नको, रिपोर्ट चांगला आला. ती खूष. मग हळूच म्हणाली, तिचे गुडघे दुखतात, यूट्यूबवर बघितलं, पुण्यात हळदीच्या कॅप्सूल मिळतात म्हणे, मिरी घातलेल्या, दोन डबे पाठव. आता काय करू?

लॅबवाली
वय किती काकूंचं? बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी काही चालू आहे का? आधी ते विचारा, 'काही नाही' म्हणाल्या तर डबा उघडून बघायला सांगा कुणाला तरी.

पाटावरचा
वय ६८. विचारलं. "काही नाही" म्हणाली. चुलतभावाला डबा बघायला सांगितलंय.